एका व्यंगचित्रातील लुप्त कर्ता

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरातून निघणाऱ्या ‘द बर्मिंगहॅम न्यूज’ या दैनिकात १९६७ साली चार्ल्स ब्रुक्स यांचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या रस्त्यावर मार्टिन ल्यूथर किंग उभे आहेत आणि ‘उद्या मी आणखी एक अहिंसक मोर्चा काढणार आहे’ असे सांगत आहेत, एवढाच त्याचा विषय. अलीकडे हे चित्र पुन्हा पुष्कळ फिरले. किंग यांची वाणी आणि त्यांच्या चळवळीचे फलित यांतील विसंगतीवर त्यात बोट ठेवले आहे, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. चित्रकाराला हाच अर्थ अभिप्रेत होता, यात संशय नाही. परंतु तो वाचकाच्या मनात कोणत्या साधनांनी उत्पन्न होतो, हा प्रश्न वेगळा आहे. आणि त्याचे उत्तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, रेषेपेक्षा व्याकरणात अधिक सापडते.

प्रथम ‘आणखी एक’ हे पद घ्यावे. त्यात एक पूर्वगृहीत दडलेले आहे: याच जातीची घटना यापूर्वी घडून गेली आहे. ती कोणती, हे वाक्य सांगत नाही; वाचक ती चित्रात शोधतो आणि तेथे त्याला केवळ विध्वंस दिसतो. त्यामुळे ‘हा विध्वंस म्हणजेच मागचा अहिंसक मोर्चा’ हे समीकरण वाचक स्वतःच मांडतो. चित्रकाराने असे विधान उघडपणे केले असते, तर त्याला पुरावा मागता आला असता. पूर्वगृहीताला पुरावा कोणी मागत नाही.

दुसरे साधन कर्त्याच्या लोपाचे. ‘रस्ता जाळला गेला’ या वाक्यात ज्याप्रमाणे कर्ता अनुक्त राहतो, त्याप्रमाणे या चित्रातही विध्वंस आहे, पण तो कशातून उद्भवला याचा निर्देश नाही. रिकाम्या राहिलेल्या त्या जागी वाचक समोर बोलत असलेल्या व्यक्तीला बसवितो. वस्तुतः त्या वर्षीच्या दोन मोठ्या दंगलींपैकी एकीचाही उगम किंग यांच्या मोर्च्यात नव्हता. न्यूअर्क येथे जुलैमध्ये एका कृष्णवर्णीय टॅक्सीचालकाला पोलिसांनी पकडून मारहाण केल्यानंतर उद्रेक झाला व २६ माणसे मृत्युमुखी पडली. डेट्रॉइट येथे २३ जुलै रोजी विनापरवाना चालणाऱ्या एका मद्यगृहावरील धाडीनंतर दंगल पेटली. तीत ४३ जण गेले.

लोप पावलेले आणखीही एक पात्र आहे. १६ जून १९६६ रोजी मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कारमायकेल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली. किंग त्याच पदयात्रेत त्यांच्यासह चालत होते. तथापि त्या घोषणेतून हिंसेचा ध्वनी निघेल, असा त्यांचा आक्षेप होता. अर्थात् एकाच चळवळीत दोन वक्ते दोन भिन्न भाषा बोलत होते आणि त्यांचा वाद उघड चालला होता. व्यंगचित्राने हा वादच पुसून टाकला. लोकांच्या मनात दुसऱ्या वक्त्याशी निगडित झालेली भीती पहिल्याच्या पाठीमागे रंगविली आणि पहिल्याचे शब्द तेवढे त्याच्या तोंडी ठेवले. कारमायकेल यांच्यावरही त्या दंगलींचे कर्तृत्व लादता येत नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

तिसरा मुद्दा ‘अहिंसक’ या शब्दाचा. ‘नञ्’चे सहा अर्थ आपल्या वैयाकरणांनी सांगितले आहेत, त्यांपैकी अभाव आणि विरोध हे दोन येथे प्रस्तुत होत. चित्रकार अहिंसा म्हणजे हिंसेचा अभाव असे धरतो. म्हणून हिंसा कोठेही, कोणाकडूनही झाली की किंग खोटे ठरतात. किंग यांना अभिप्रेत असलेली अहिंसा ‘अधर्म’ या शब्दातील नकाराप्रमाणे विरोधवाचक आहे: अन्यायाला सामोरे जाणारी कृती. एप्रिल १९६३ मध्ये याच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रस्तुत आक्षेपाचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. शांततामय कृतीमुळे हिंसा उद्भवते म्हणून त्या कृतीचा निषेध करणे, म्हणजे जवळ पैसा बाळगल्याबद्दल लुटल्या गेलेल्यालाच दोष देणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच महिन्यात त्या शहरातील निदर्शकांवर पोलिसांनी कुत्रे सोडले व पाण्याचे झोत मारले. तेथे हिंसेचा कर्ता कोण, याविषयी संदेह उरत नाही.

चित्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी. २८ मार्च १९६८ रोजी मेंफिस येथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी किंग यांनी काढलेल्या मोर्च्यात काही जणांनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा ठार झाला. तेव्हा व्यंगचित्र भविष्यवाणी ठरले, असे कोणी म्हणू शकेल. परंतु मोर्च्याला लागलेला हा डाग पुसण्यासाठीच, पुन्हा एक शांततामय मोर्चा काढावयाचा असे ठरवून, किंग मेंफिसला परतले आणि ४ एप्रिल रोजी तेथेच त्यांची हत्या झाली. ८ एप्रिलला कोरेटा स्कॉट किंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्याच शहरातून मूकपणे, शांततेने चालले. ब्रुक्स यांनी उपरोधाने योजिलेले वाक्य तेथे शब्दशः खरे ठरले.

विद्यार्थ्यांनी असे चित्र वाचताना त्यातील वक्ता काय म्हणतो, एवढ्यावर थांबू नये. चित्रातील क्रियेला कर्ता आहे काय, आणि नसल्यास त्या जागी आपण कोणाला बसविले, हे आधी तपासावे. उपरोधाचे मूल्यमापन त्यानंतर करावे.