सुटलेली श्रद्धा आणि उरलेली रुखरुख

सणाच्या दिवशी घरात मुद्दाम काहीही गोडधोड करावयाचे नाही, अशी वडिलांची सक्त ताकीद असलेले घर आपल्या डोळ्यांपुढे सहजासहजी उभे राहत नाही. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकाला तर ते मुळीच दिसणार नाही. पण इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या एका गावी १८५७ साली असे एक घर होते, आणि त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाने पुढे त्या घराविषयी जे पुस्तक लिहिले, ते इंग्रजीतल्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. एडमंड गॉस हे त्या मुलाचे नाव आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेले ‘फादर अँड सन’ हे ते पुस्तक. आपल्याकडच्या वाचकांना गॉस यांचे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असण्याचा संभव आहे. विलायतेत शिकत असलेल्या सरोजिनी नायडूंना ‘तुम्ही आपल्या देशाविषयी लिहा’ असे सांगणारे आणि त्यांच्या १९१२ सालच्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ला प्रस्तावना लिहिणारे गॉस ते हेच.

एडमंडचे वडील फिलिप गॉस हे नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. समुद्रकाठचे जीव काचेच्या हौदात पाळण्याचा छंद इंग्लंडात रुजला, त्यात त्यांच्या पुस्तकांचा वाटा मोठा होता. पण ते ‘प्लिमथ ब्रेदरन’ या अतिशय कडव्या ख्रिस्ती पंथाचेही होते. बायबलातले अक्षर न् अक्षर खरे, आणि येशू आपल्या हयातीतच पृथ्वीवर परत येणार, अशी त्यांची अढळ खात्री होती. खडकांत सापडणारे जीवाश्म आणि सृष्टीची उत्पत्ती सहा दिवसांत झाल्याची कथा यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १८५७ साली ‘ओम्फालॉस’ नावाचा ग्रंथ लिहिला. देवाने सृष्टी निर्माण करतानाच तिच्यात भूतकाळाच्या खुणा घालून ठेवल्या, असे त्याचे सार. शास्त्रज्ञांना तो पटला नाही आणि श्रद्धावंतांनाही रुचला नाही. त्याच वर्षी त्यांची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. जाताना तिने आपला एकुलता एक मुलगा देवाच्या कार्याला वाहून टाकला.

आता तो नाताळचा प्रसंग. नाताळ हा सण मूर्तिपूजकांकडून आलेला, म्हणून निषिद्ध, असे फिलिप गॉस यांचे मत. त्या दिवशीचे जेवण इतर दिवसांसारखेच असले पाहिजे, असा हुकूम. स्वयंपाकघरातल्या मोलकरणींनी मात्र गुपचूप एक लहानसे प्लम पुडिंग शिजवले आणि आईविना वाढणाऱ्या पोराची कीव येऊन त्याला त्यातला एक तुकडा दिला. थोड्याच वेळात मुलाच्या पोटात दुखू लागले आणि पोटापेक्षाही मन दुखू लागले. तो धावत वडिलांच्या अभ्यासिकेत गेला आणि मूर्तीला वाहिलेले अन्न आपण खाल्ले, असा त्याने टाहो फोडला. वडिलांनी त्याचा हात धरला, दोघे तसेच स्वयंपाकघरात धावले, उरलेले पुडिंग वडिलांनी ताटलीसकट उचलले आणि बाहेर राखेच्या ढिगाऱ्यात खोल पुरून टाकले.

हा प्रसंग सर्वत्र विनोदी म्हणून सांगितला जातो, आणि तो विनोदी आहेच. पण त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की मुलाला कोणीही पकडलेले नव्हते. मोलकरणी चहाडी करणार नव्हत्या. फिर्यादी मुलाच्या आतच बसला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वडिलांनी मुलाला शिक्षा केली नाही. त्यांचा सारा संताप त्या पुडिंगावर होता. मुलाचा हात त्यांच्या हातात होता, आणि पापाचा नायनाट करायला बापलेक जोडीने धावले. आईवेगळ्या मुलाला त्या क्षणी बाप किती जवळचा वाटला असेल! पापाची भीती आणि बापाची माया ही तिथे एकाच पिठात मळली गेली. ती पुढे वेगळी काढणे कोणालाच जमणार नव्हते.

धर्माच्या कडक शिस्तीत वाढलेली माणसे पुढे श्रद्धा सोडतात आणि तरीही वर्षानुवर्षे अपराधी वाटून घेतात, याचे कारण आपण सामान्यतः असे देतो की जुन्या श्रद्धेचा काही अंश मनात शिल्लक राहतो. गॉस यांचे पुस्तक वाचल्यावर हे कारण अपुरे वाटते. त्यांची श्रद्धा तर फारशी धडपड न होता गेली. शाळेत राहत असताना एका संध्याकाळी सूर्यास्ताकडे पाहत त्यांनी येशूला कळवळून हाक मारली, आत्ताच ये म्हणून विनवले, आणि उत्तरादाखल खालून चहाची घंटा ऐकू आली. तो आता येणार नाही आणि कधीच येणार नाही, हे त्यांना त्या क्षणी कळून चुकले. श्रद्धेचा हिशेब असा एका घंटेसरशी मिटला. मिटला नाही तो बापाचा हिशेब. लहानपणापासून पापाची जाणीव देणारा जो हात, तोच त्या पापातून सोडवणाराही होता. देवाला सोडल्यावर पाप नाहीसे व्हावे, हे तर्काला धरून झाले. पण ‘झाले गेले, आता तू मोकळा’ असे म्हणणारा माणूसही त्याबरोबर गेला, त्याचे काय करावयाचे? जी रुखरुख उरते ती या माणसाच्या शोधाची असते.

सतराव्या वर्षी एडमंड लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला गेले. वडिलांची पत्रे पाठोपाठ येत राहिली. प्रार्थना नियमित चालते ना, संगत कोणाची, मन डळमळत तर नाही? मुलगा गुळमुळीत उत्तरे धाडी. अखेर एका सुट्टीत, वडिलांनी जिवापाड जपलेल्या ऑर्किडच्या काचघरात, त्याच प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली आणि मुलाचा बांध फुटला. त्यानंतर वडिलांचे लांबलचक पत्र आले. त्यात राग कमी आणि दुःख जास्त होते. बाप दुष्ट असता तर सुटका सोपी झाली असती. पण हा बाप छातीभर पाण्यात उभा राहून खडकांतले नाजूक जीव मुलाला दाखवणारा होता. त्याला दुखवल्याची टोचणी कोणत्या तत्त्वज्ञानाने बोथट होणार?

आईचा वारसाही इथे विसरता येत नाही. एमिली लहानपणी सुंदर गोष्टी रचून सांगत असे. गोष्टी रचणे म्हणजे खोटे बोलणे, ते पाप आहे, असे नऊ वर्षांची असताना एका शिक्षिकेने तिच्या मनावर बिंबवले. एकोणतिसाव्या वर्षीही ही ओढ आपल्याला छळते, अशी कबुली तिने आपल्या रोजनिशीत दिली होती. म्हणून तिच्या घरात कथा-कादंबरीला मज्जाव. आणि तिचा मुलगा पुढे जन्मभर साहित्याचा टीकाकार म्हणून जगला! आईने ज्याला पाप मानले त्यातच त्याचे आयुष्य गेले.

असे असूनही या पुस्तकात कोठे सूड नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण होय. आपल्या ‘स्मृतिचित्रां’शी त्याचे येथे नाते जुळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे विलक्षण होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही इथवर त्याची मजल गेलेली. पण लक्ष्मीबाई ते सारे हसत सांगतात, आणि त्या हसण्यात विखार नसतो. फरक आहे तो असा की, टिळकांनी १८९५ साली धर्म बदलला आणि पुढे १९०० साली लक्ष्मीबाईही त्या वाटेने गेल्या, तेव्हा त्यांना एक घर सुटून दुसरे घर मिळाले. गॉस एक घर सोडून उघड्यावर आले. त्यांच्या हसण्यामागे म्हणूनच एक कापरा स्वर ऐकू येतो.

गॉस यांच्या पुस्तकातले दोन दोष मात्र सांगितले पाहिजेत. आपण लिहिले ते सर्व काटेकोर सत्य आहे, अशी ग्वाही ते प्रारंभीच देतात. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अ‍ॅन थ्वेट यांनी एडमंडचे चरित्र १९८४ साली आणि फिलिप यांचे २००२ साली लिहिले. त्यांतून दिसणारे वडील पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळ मवाळ आणि मुलाचे बालपण पुष्कळ कमी काळवंडलेले आहे. दुसरा दोष शेवटाचा. मुलाने जोखड कायमचे झुगारून दिले, अशा विजयी सुरावर पुस्तक संपते. प्रत्यक्षात वडील त्यानंतरही १८८८ पर्यंत जगले आणि बापलेकांचे संबंध तुटले नाहीत. शिवाय ज्याने जोखड झुगारले, तो आपल्या बापाविषयी दोन-दोन पुस्तके कशाला लिहील? १८९० साली त्यांनी वडिलांचे रीतसर, आदरपूर्ण चरित्र लिहिले होते. त्याने मन निवले नाही, म्हणून सतरा वर्षांनी हे दुसरे, आणि तेही आरंभी नाव न घालता. पडद्याआडून दिलेला हा कबुलीजबाब आहे. अभ्यासिकेतला बाप आता नाही, म्हणून तो वाचकापुढे दिलेला आहे.

मग या रुखरुखीवर उपाय काय? पुस्तक तो सांगत नाही, पण करून दाखवते. जिच्यापासून पळावे ती टोचणी मागे लागते, आणि तिच्यापुढे नमते घेऊन पुन्हा जुन्या श्रद्धेचे सोंग आणावे तर माणूस स्वतःलाच फसवतो. गॉस यांनी तिसरा मार्ग धरला. ज्याच्या डोळ्यांनी आपण स्वतःला अपराधी पाहतो, त्याच माणसाचे होईल तेवढे न्याय्य चित्र काढावयाचे, त्याचा हट्ट आणि त्याची माया दोन्ही त्यात यावयाची. असे चित्र पुरे झाले की तो माणूस न्यायाधीशाच्या आसनावरून उतरतो आणि आपल्यासारखाच एक भाबडा, चुकणारा, प्रेम करणारा जीव होऊन शेजारी बसतो. रुखरुख त्याने संपत नाही. पण तिचे नाव बदलते. तिला आपण आठवण म्हणू लागतो.

दिवाळीला मुले-मुली घरी येतात. त्यांतली काही आता देवासमोर हात जोडत नाहीत, आणि जोडत नाहीत म्हणून मनातून कानकोंडी होतात. आईवडीलही मनातून खट्टू असतात. कोणी कोणाला काही विचारीत नाही. अशा घरांतून हे पुस्तक दोन्ही पिढ्यांनी वाचावे. मुलांना त्यात बाप दिसेल आणि बापांना मूल दिसेल.