आद्य अमेरिकन मुद्रित ग्रंथांतील काव्य

ता. २६ नोव्हेंबर २०१३ रोजीं न्यूयॉर्क येथें सदबीच्या लिलावांत एक लहानसें स्तोत्रपुस्तक १ कोटि ४१ लक्ष ६५ हजार डॉलरांस विकलें गेलें. तोंपर्यंत लिलावांत कोणत्याहि छापील पुस्तकास इतकी किंमत आली नव्हती. इ. स. १६४० त मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील केंब्रिज या गांवीं छापलेलें हें पुस्तक ‘बे साम बुक’ या नांवानें ओळखलें जातें. उत्तर अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींत छापलेल्या व अद्याप उपलब्ध असलेल्या पुस्तकांत तें सर्वांत जुनें होय. मौज अशी कीं, त्यांतील पद्यरचनेस चांगलें म्हणणारे टीकाकार फारच थोडे आढळतात. किंमत आली ती दुर्मिळतेस, काव्यास नव्हे. दुर्मिळता, लोकप्रियता आणि काव्यगुण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आम्हां संग्राहकांच्या हातून त्यांची गल्लत वारंवार होते; अमेरिकेच्या आद्य काव्याची पारख करणारांच्या हातूनहि ती दीर्घकाळ झाली, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथाची हकीकत पाहूं. जोस ग्लोव्हर नांवाच्या धर्मोपदेशकानें इंग्लंडांत छापखाना खरेदी करून जहाजावर चढविला. तो १६३८ त वाटेंतच वारला आणि छापखाना त्याच्या विधवेकडे आला. तो चालविणारा स्टीफन डे हा मूळचा कुलुपें करणारा कारागीर. मुद्रणाचा कच्चेपणा पानोपानीं दिसतो. डाव्या पानाच्या माथ्यावर ‘साम’ या शब्दाचें वर्णलेखन एक, तर उजव्या पानावर दुसरेंच! प्रती १७०० काढल्या. आज ११ उरल्या आहेत व त्यांपैकींहि कांहीं अपूर्ण आहेत.

आतां काव्याविषयीं. दाविदाच्या स्तोत्रांतील हिब्रू अर्थ जराहि ढळूं द्यावयाचा नाहीं, आणि तो आठ व सहा अक्षरांच्या आलटूनपालटून येणाऱ्या चरणांत यमक साधून बसवावयाचा, अशी भाषांतरकर्त्यांची प्रतिज्ञा होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कर्ता एका चरणांत, क्रियापद दुसऱ्यांत, विशेषण भलतीकडेच. आमच्या आलंकारिकांनीं सांगितलेला क्लिष्टत्वदोष शिकवावयाचा असल्यास उदाहरणांची वाण पडणार नाहीं. तथापि भाषांतरकर्ते अजाण होते असें नव्हे. लालित्यापेक्षां मूळार्थाची निष्ठा आम्हीं श्रेष्ठ मानिली, असें प्रस्तावनेंत उघड बजावलें आहे. शिवाय ही रचना वाचण्यासाठीं नसून समुदायानें गाण्यासाठीं होती. ठाऊक असलेल्या चालीवर गातांना अन्वय तितकासा खुपत नाहीं. एवढें मान्य करूनहि, ती सरस नाहीं असेंच म्हणावें लागतें; आणि त्या समाजासहि तसें वाटलें असावें, कारण १६५१ त हेन्री डन्स्टर व रिचर्ड लायन यांनीं तिचें संस्करण करून ती अधिक सुगम केली.

मग १६०० हून अधिक प्रती गेल्या कोठें? त्या गाऊन गाऊन झिजल्या. हाच प्रकार मायकेल विगल्सवर्थच्या ‘डे ऑफ डूम’ या काव्याचा. अंतिम न्यायदिनाचें वर्णन करणारें २२४ कडव्यांचें हें काव्य १६६२ त निघालें. त्याच्या १८०० प्रती वर्षाच्या आंत खपल्या. पहिल्या आवृत्तीची संपूर्ण अशी एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याचा ठेका पोवाड्यासारखा धांवता असून भयानक रसाखेरीज दुसरा रस त्यांत जवळजवळ नाहीं. मुलांच्या ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ची स्थितीहि तीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टन येथें तें निघालें असतां त्याची उपलब्ध प्रत १७२७ च्या पूर्वींची नाहीं. तात्पर्य, वापरलेलें पुस्तक मरतें, व न वापरलेलें तगतें. प्रतींचा अभाव हा लोकप्रियतेचा अभाव नव्हे. पुष्कळदां तो तिचाच पुरावा असतो.

छापील पानापासून लेखकाच्या हाताकडे जावें तसतसें काव्य सुधारत जातें, याचें उत्तम उदाहरण ॲन ब्रॅडस्ट्रीट या बाईंचें. त्यांच्या मेहुण्यानें हस्तलिखित इंग्लंडांत नेऊन १६५० त लंडन येथें ‘टेन्थ म्यूज’ या नांवानें छापविलें. त्यांत चार महाभूतें, चार ऋतु, चार साम्राज्यें अशीं दीर्घ व पांडित्यपूर्ण पद्यें आहेत. विद्वत्ता दिसते, पण अंतःकरण क्वचित्. बाई १६७२ त वारल्या. १६७८ त बॉस्टन येथें जॉन फॉस्टरनें काढलेल्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांनीं स्वहस्तें केलेल्या दुरुस्त्या व मागाहून सांपडलेलीं पद्यें घेतलीं. पतीस उद्देशून केलेलें सुप्रसिद्ध पद्य प्रथम तेथें आलें. आणि १६६६ त राहतें घर जळालें त्या प्रसंगाचें करुणरसपूर्ण पद्य? तें त्यांच्या मुलानें एका सुट्या कागदावरून उतरून ठेवलें आणि छापलें गेलें १८६७ त! १६५० ची प्रत दुर्मिळ म्हणून तिच्यावरूनच कवयित्रीची पारख केली, तर ती केवळ अनुकरण करणारी ठरेल. न्याय करावयाचा तर तिन्ही पाठ समोर ठेवावयास हवेत.

याहून मोठा धडा एडवर्ड टेलरचा आहे. वेस्टफील्ड या सरहद्दीवरच्या गांवीं हा धर्मोपदेशक १७२९ पर्यंत हयात होता. प्रभुभोजनाच्या विधीपूर्वीं मनाची तयारी म्हणून त्यानें दोनशेंवर चिंतनपर पद्यें रचिलीं. सूत काढणें, वस्त्र विणणें अशा घरगुती व्यवहारांतून तो ज्या तऱ्हेनें भक्तीच्या शिखरावर चढतो, ती तऱ्हा त्या काळच्या अमेरिकन कवींत दुसऱ्या कोणास साधलेली नाहीं. हयातींत छापलीं गेलीं तीं त्याचीं अवघीं दोन कडवीं! बाड त्याचा नातू एझ्रा स्टाइल्स याजकडे गेलें. तो पुढें येल विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. तेथील ग्रंथालयांत टॉमस जॉन्सन यांस तें आढळलें, त्यांनीं १९३७ त त्यांतील निवडक काव्य प्रसिद्ध केलें, आणि दोनशें वर्षें केवळ छापील पुस्तकांवरून दिलेला निकाल फिरला. प्यूरिटन समाजांत काव्य नव्हतें असें नव्हे. छापखान्यांत तें फारसें आलें नव्हतें, इतकेंच.

आमच्या वाचकांस हें अपरिचित वाटूं नये. फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ गोमंतकांत १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. त्या छापांची एकहि प्रत उरली नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें उतरलेल्या पोथ्यांमुळें.

परंतु यावरून हस्तलिखित म्हणजे चिरंजीव असा सिद्धांत काढणें चुकीचें होईल. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेली तरुणी. काव्यें तिचींच आहेत असें बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनीं लिहून दिलें, तेव्हां १७७३ त तिचा संग्रह निघाला, आणि तोहि लंडन येथें. दुसऱ्या संग्रहाची जाहिरात १७७९ त झाली. वर्गणीदार मिळाले नाहींत, तो छापला गेला नाहीं, आणि १७८४ त ती दारिद्र्यांत वारल्यावर त्याचें हस्तलिखितहि नाहींसें झालें. टेलरच्या बाडास विद्यापीठाचा अध्यक्ष असा नातू लाभला. व्हीटलीच्या बाडास कोणीच नव्हतें. दोघांच्या काव्यगुणांची तुलना येथें अप्रस्तुत आहे. प्रश्न केवळ सांभाळणाऱ्या हातांचा आहे.

दुर्मिळतेच्या मोहाचें फळ काय होतें, तेंहि याच छापखान्याच्या इतिहासांत दिसतें. त्याचें पहिलें काम म्हणजे १६३९ चें नागरिकांच्या शपथेचें एकपानी पत्रक. त्याची मूळ प्रत उपलब्ध नाहीं. १९८५ त मार्क हॉफमन यानें ती बनावट तयार करून बाजारांत आणली, आणि कांहीं काळ जाणते लोकहि संभ्रमांत पडले.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच. फाटकी, डागाळलेली, कडा झिजलेली प्रत टाकून देऊं नये. तिच्यावर वाचणाऱ्या हातांची साक्ष असते. आणि छापील ग्रंथ सांपडला म्हणून त्याच घरांतील सुट्या कागदांकडे पाठ फिरवूं नये. ब्रॅडस्ट्रीटबाईंचें जळलेल्या घराचें पद्य तशाच एका कागदावर होतें.