हिरवे खडे तपासले का?

तेल-लिंबूरस प्यायलं, सकाळी हिरवे खडे पडले, पित्ताशय आणि लिव्हर साफ! हा दावा तुम्हीही ऐकला असेल. एका बाईचे असे खडे डॉक्टरांनी तपासले, २००५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नाही. बहुतांश फॅटी ॲसिड, म्हणजे पोटात तयार झालेला साबण.

मुळात पित्त बनवतं यकृत, बिलिरुबिन त्यातूनच बाहेर पडतं. पित्ताशय ते फक्त साठवतं, घट्ट करतं; काढलं तरी पित्त आतड्यात उतरतंच. खरा खडा नळीत अडकला तर मात्र कावीळ होते, आणि साबण बघून निर्धास्त झालेला पेशंट उशिरा पोचतो.

लोणावळ्यात कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौलीच्या वेळचा आतड्यातला दाब मोजून १९२४च्या 'योगमीमांसा'त छापला होता. इथे साधं पृथक्करणही नाही, नुसते फोटो.