गोळी का झाडली? आफ्रिकेतल्या शिकारीची पुस्तकं

मराठी वाचकाची शिकारकथेशी पहिली गाठ पडते ती बहुधा जिम कॉर्बेटमुळे. कुमाऊँच्या डोंगरात माणसं मारत सुटलेली वाघीण, संध्याकाळ झाली की दारं लावून घेणारी गावं आणि तिच्या मागावर एकटा निघालेला माणूस. इथं गोळीला कारण असतं आणि ते आपल्याला आधीच पटलेलं असतं. हाच कॉर्बेट १९४७ साली केनियात गेला, न्येरीला राहिला आणि १९५५ मध्ये तिथंच वारला. पण कॉर्बेट मनात धरून आफ्रिकेची शिकारपुस्तकं वाचायला घेतली की बिनसतं. तिथं नरभक्षक हा अपवाद. बहुतेक जनावरं मारली गेली ती हस्तिदंतासाठी, भिंतीवरच्या शिंगांसाठी, संग्रहालयासाठी नाहीतर शेतीला रान मोकळं करण्यासाठी. म्हणून या पुस्तकांना लावायची कसोटीही वेगळी हवी. नेम किती अचूक होता, सिंह किती जवळ आला होता, हे नंतर पाहता येईल. गोळी का झाडली, हे लेखक किती सरळ सांगतो, ते आधी पाहावं. ही कसोटी लावली की अनेक नावाजलेली पुस्तकं खाली सरकतात आणि काही अनपेक्षित पुस्तकं वर येतात.

सुरुवात गॉर्डन-कमिंग या स्कॉटिश शिकाऱ्यापासून करायची प्रथा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पाच वर्षांच्या शिकारीचं त्याचं पुस्तक १८५० साली आलं. लंडनमध्ये त्यानं आपल्या शिकारीचं प्रदर्शनही भरवलं. पुस्तकही तसंच आहे: जनावरामागून जनावर पडतं आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या काळाचा दस्तऐवज म्हणून चाळावं, एवढंच.

सेलूसचं 'अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका' (१८८१) मात्र वाचायला हवं. १८७१ मध्ये एकोणीस वर्षांचा हा पोरगा आफ्रिकेत उतरला. आजच्या झिंबाब्वेतल्या माटाबेलेंचा राजा लोबेंगुला त्याला पाहून हसला आणि हत्ती मारायची परवानगी देऊन मोकळा झाला. सेलूसची भाषा साधी आहे, बढाई कमी आणि निरीक्षण दांडगं. १९०८ च्या 'आफ्रिकन नेचर नोट्स अँड रेमिनिसन्सेस'मध्ये तर शिकाऱ्यापेक्षा निसर्ग-अभ्यासकच जास्त बोलतो. पण त्याच्या वाटांच्या माहितीला दुसरा ग्राहकही होता. १८९० मध्ये ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या तुकडीला शेजारच्या माशोनालँडमध्ये वाट दाखवत नेलं ते यानंच. शिकाऱ्याची पायवाट पुढं साम्राज्याचा रस्ता कशी झाली, हे सेलूस वाचताना सतत जाणवत राहतं.

या सगळ्या साहित्यातला सर्वांत प्रामाणिक लेखक मला डब्ल्यू. डी. एम. बेल वाटतो. 'द वाँडरिंग्ज ऑफ अ‍ॅन एलिफंट हंटर' (१९२३) आणि 'कारामोजो सफारी' (१९४९) ही त्याची दोन पुस्तकं कुठल्याही यादीत वरच्या जागी हवीत. बेलनं हजारावर हत्ती मारले. आकडा वाचून अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. पण बेल त्याला पराक्रमाचा मुलामा देत नाही. युगांडाच्या ईशान्येला, कारामोजात, तो हस्तिदंताच्या धंद्यासाठी गेला होता आणि तसंच लिहितो: हमाल किती, धान्य किती, दाताचं वजन किती, हत्तींची बातमी आणणाऱ्याला बक्षीस म्हणून गाय. बाकीचे शिकारी खांदा निखळवणाऱ्या जड दुनळ्या वाहत असताना बेल हलकी ७ मिलिमीटरची रायफल वापरायचा, कारण त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहून ठेवलं होतं. धोका कमी झाला की नाट्य कमी होतं, आणि बेलला त्याचं दुःख नाही. प्याजाले या कारामोजोंग सोबत्याबद्दल तो आदरानं लिहितो. माग काढणारा माणूस नावानिशी आणि अकलेनिशी पुस्तकात येतो, असं या साहित्यात क्वचितच घडतं.

जे. एच. पॅटरसनचं 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' (१९०७) वाचायला भारतीय वाचकाला वेगळं कारण आहे. युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून नेलेले मजूर १८९८ मध्ये केनियातल्या त्सावो नदीवर पूल बांधत होते आणि दोन बिनआयाळीचे सिंह त्यांना तंबूंतून ओढून नेत होते. पुस्तकात भारतीय बळींचा आकडा अठ्ठावीस आहे. आफ्रिकी बळींची मोजदादच ठेवलेली नव्हती. पुढं पॅटरसननं एकूण आकडा १३५ पर्यंत नेला. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातल्या त्याच सिंहांची हाडं आणि केस तपासून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे पस्तीसचा अंदाज दिला. शिकारकथेत आकडे कसे फुगतात याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. तरीही सिंहांची प्रकरणं थरारक आहेत. त्यानंतरचा भाग मात्र रेंगाळतो. रोशन नावाच्या मिस्त्रीनं या संकटावर हिंदुस्थानीत रचलेलं कवन पॅटरसननं इंग्रजीत उतरवून पुस्तकात घातलं आहे. तंबूत जीव मुठीत धरून झोपणाऱ्यांपैकी एकाचा आवाज त्यामुळं आपल्यापर्यंत पोचतो.

थिओडोर रूझवेल्टच्या 'आफ्रिकन गेम ट्रेल्स'मध्ये (१९१०) कारण सांगितलंय विज्ञानाचं: स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने. पक्ष्यांवर आणि गवताळ रानांवर तो सुंदर लिहितो. पण त्यानं आणि मुलानं मिळून मारलेल्या ५१२ जनावरांची यादी वाचली की विज्ञानाचं कारण लंगडं पडतं. हेमिंग्वे याच्या नेमका उलट. 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका'मध्ये (१९३५) तो उदात्त कारण पुढं करतच नाही. सोबत्याला आपल्यापेक्षा मोठ्या शिंगांचा कुडू (एक हरिण) मिळाला, या जळफळाटावर पुस्तक उभं आहे. हौशी शिकाऱ्याच्या मनातली खरी गोष्ट एवढ्या उघडपणे दुसऱ्या कुणी मांडलेली नाही. साहित्य-चर्चेची पानं कंटाळवाणी आहेत. ती ओलांडून जावी.

जे. ए. हंटरचं 'हंटर' (१९५२) लोकप्रिय आहे आणि त्या लोकप्रियतेला पात्रही. त्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण केनियातल्या माकुएनीचं. कांबा लोकांना जमीन देण्यासाठी सरकारी हुकमावरून त्यानं १९४४ ते १९४६ मध्ये सुमारे हजार गेंडे मारले. एवढ्या जमिनीसाठी हा प्राणी संपवावा का, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो, आणि कामही पुरं करतो. हा विरोधाभास तो झाकत नाही, म्हणून पुस्तक टिकलं.

यानंतर उतरण लागते. रॉबर्ट रुआर्कचं 'हॉर्न ऑफ द हंटर' (१९५३) खुसखुशीत आहे, पण हेमिंग्वेची सावली त्यावरून हटत नाही. पीटर कॅपस्टिकचं 'डेथ इन द लाँग ग्रास' १९७७ साली आलं. त्याच वर्षी केनियानं शिकारीवर बंदी घातली. प्रत्यक्ष शिकार आक्रसत असताना कॅपस्टिकनं तिचा मसालेदार चित्रपट केला. हत्ती, सिंह, रेडा, बिबळ्या, सगळे माणूस मारायलाच टपलेले. हे प्रसंग त्याच्यावर खरंच गुदरले का, अशी शंका जाणकारांनी अनेकदा घेतली आहे. वाचायला मजा येते; विश्वास ठेवायचं बंधन नाही. आज शिकारी मंडळी जे लिहितात त्यातलं बरंचसं कॅपस्टिकची नक्कल तरी असतं, नाहीतर रायफली आणि काडतुसांची सूची. दुसरा प्रकार परवाना काढून निघालेल्याच्या कामाचा. घरी बसून वाचणाऱ्याला त्यात काही नाही.

गोळी का झाडली हे सांगायचं, शिकाऱ्यांनी सोडून दिलेलं काम इतिहासकारांनी उचललं. जॉन मॅकेंझीचं 'द एम्पायर ऑफ नेचर' (१९८८) शिकार आणि साम्राज्य यांचं साटंलोटं उलगडतं. एडवर्ड स्टाइनहार्टचं 'ब्लॅक पोचर्स, व्हाइट हंटर्स' (२००६) केनियातल्या साध्या पण जिव्हारी लागणाऱ्या बदलाकडं बोट दाखवतं: पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे लोक कायद्याच्या एका फटक्यात चोर ठरले, आणि परवाना विकत घेऊ शकणारा पाहुणा खिलाडू ठरला. त्याला जोड म्हणून डेनिस होल्मनचं 'द एलिफंट पीपल' (१९६७) घ्यावं. विषारी बाण आणि ताणायला भल्याभल्यांना जड जाईल असं धनुष्य घेऊन हत्ती मारणाऱ्या 'वाटा' नावाच्या जमातीची ती हकिगत आहे. त्सावो उद्यानाच्या रखवालदारांनी त्यांचं जगणं कसं मोडून काढलं, हेही त्यात येतं. लेखक बाहेरचा आहे, पण निदान त्याची नजर बंदुकीच्या दुसऱ्या बाजूला वळलेली आहे.

प्रचलित याद्यांची खरी उणीव इथंच दिसते. 'आफ्रिकेतल्या शिकारीची पुस्तकं' म्हटलं की गोऱ्या पाहुण्यांनी इंग्रजीत लिहिलेलीच पुस्तकं पुढं येतात. आफ्रिकेत मात्र शिकारी हा केव्हापासून साहित्याचा नायक आहे. नायजेरियातल्या योरुबा शिकाऱ्यांची 'इजाला' ही पठणाची परंपरा आहे. डी. ओ. फागुन्वाची १९३८ ची योरुबा कादंबरी भुताखेतांच्या रानात शिरलेल्या एका शिकाऱ्याचीच. वोले सोयिंकानं ती १९६८ मध्ये इंग्रजीत आणली. अहमदू कुरुमाची 'वेटिंग फॉर द वाइल्ड बीस्ट्स टू व्होट' (मूळ फ्रेंच, १९९८) तर पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे शिकाऱ्यांच्या स्तुतिगायनाचा घाट घेऊन एका हुकूमशहाची कुंडली मांडते. हा हुकूमशहा मुळात शिकारी. शिकाऱ्याचा पोवाडा म्हणता म्हणता कुरुमा त्याचे गुन्हे मोजत जातो. गोळी का झाडली, हा प्रश्न इथं लेखकाला बाहेरून विचारावा लागत नाही. तो त्या घाटातच आहे.

तेव्हा कुणी शिफारस विचारली तर माझा क्रम असा: आधी बेल, मग हंटर, पॅटरसनचा सिंहांचा भाग, हेमिंग्वे, त्यानंतर स्टाइनहार्ट आणि होल्मन, आणि कुरुमा हटकून. सेलूस ज्याला रानाची मुळातच ओढ आहे त्यानं घ्यावा, कॅपस्टिक रेल्वेच्या प्रवासात. या यादीत एक जागा रिकामी राहते, ती प्याजालेसारख्यांच्या स्वतःच्या पुस्तकाची. माग त्यांनी काढला, जनावर त्यांनी दाखवलं, दात त्यांनी वाहिले, आणि छापील पानावर ते दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं होऊन राहिले. बंदुकीवर आणखी शंभर पुस्तकं निघाली तरी ही उणीव भरून निघणार नाही.