वगळण्याची कला

चित्रपटाच्या कलावंतांत संकलक हा रसिकांस सर्वांत अपरिचित. नटाचें मुख आपण पाहतों, छायाचित्रकाराची दृष्टि आपणांस जाणवते. संकलकाचें काम मात्र जितकें सरस, तितकें तें दिसेनासें होतें. मग त्याची पारख कशी करावी? अमेरिकन संकलक कॅरोल लिटलटन यांची कारकीर्द पाहतां आम्हांस वाटतें, कीं पडद्यावर काय आलें याबरोबरच काय येऊं दिलें नाहीं, हेंहि पाहावें.

'दि बिग चिल' (१९८३) हें याचें उत्तम उदाहरण. आत्महत्या केलेल्या मित्राच्या अंत्यविधीसाठीं त्याचे जुने सोबती जमतात. त्या मित्राचे गतायुष्यांतील प्रसंग केव्हिन कॉस्नर यांस घेऊन चित्रित झाले होते. ते सारे वगळले गेले. उरला तो आरंभ : मृत्यूची वार्ता कळलेले सोबती, आणि मधूनमधून कोणाच्या तरी अंगावर चढविले जाणारे कपडे. मनगटावरचे टांके दिसतात, तेव्हां तें प्रेत आहे हें उमगतें. मृताचें मुख कधींच दिसत नाहीं. म्हणूनच तो चित्रपटभर सर्वांच्या बोलण्यांत वावरतो. या निर्णयाचें श्रेय दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डन यांसहि आहे. परंतु त्या पोकळीस आकार आला तो संकलनामुळें.

'ई. टी.' (१९८२) मध्यें आईखेरीज मोठ्या माणसांचे चेहरे बराच काळ दिसत नाहींत; प्रेक्षक मुलांच्या उंचीवरून जग पाहतो. या चित्रपटासाठीं लिटलटन यांस ऑस्करचें नामांकन मिळालें. पारितोषिक 'गांधी'चे संकलक जॉन ब्लूम यांस गेलें.

हाच संयम सर्वत्र साधला आहे, असें नाहीं. 'बिलव्हेड' (१९९८) मध्यें भूतकाळाचे तुकडे वर्तमानांत शिरतात, तेथें अंगावर कांटा उभा राहतो. परंतु तीन तासांच्या जवळ पोंचणारा विस्तार आम्हांस अवजड वाटतो.

दूरचित्रवाणीसाठीं केलेला 'ट्यूजडेज विथ मॉरी' (१९९९) याच्या उलट. मृत्यूच्या वाटेवरील अध्यापक, त्याचा जुना विद्यार्थी, आणि दोघांचा संवाद, एवढेंच भांडवल. येथें बोलणाऱ्याचें मुख दाखवावें कीं ऐकणाऱ्याचें, यावरच सारा रस अवलंबून. या कामाबद्दल लिटलटन यांस २००० सालीं एमी पारितोषिक मिळालें. सन्माननीय ऑस्कर हातीं येण्यास मात्र जानेवारी २०२४ उजाडावें लागलें.

पारितोषिकें बहुधा नजरेंत भरणाऱ्या कौशल्याकडे वळतात. रसिकानें तरी न दिसणाऱ्या कौशल्याची बूज राखावी. 'दि बिग चिल' पुन्हां पाहतांना त्या कधींच न दिसणाऱ्या मुखाची आठवण ठेवावी, इतकेंच आमचें मागणें.