गाईडचं गृहीतक, मुलांची किंमत

वाचा-उपचार शिकवायचे असोत किंवा क्लिनिक चालवायचं असो, मेरी ट्यूडरचा १९३९ चा आयोवा विद्यापीठातला एम.ए.चा प्रबंध समजून घ्याच. तिचे गाईड वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलायचे. त्यांचा अंदाज असा, की 'तू अडखळतोस' हे शिक्केच तोतरेपणा घडवतात. म्हणून नीट बोलणाऱ्या सहा अनाथ मुलांना मुद्दाम तसं सांगितलं गेलं. मुलं बोलायला बिचकू लागली.

आता डेटा बघा. २००२ मध्ये अँब्रोज आणि यायरी यांनी तो पुन्हा तपासला, पण तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा सापडला नाही. गृहीतक सिद्ध झालं नाही, मुलांना त्रास मात्र झाला. ट्यूडर नंतर पुन्हा अनाथाश्रमात जाऊन मुलांना धीर देत राहिली. तिच्यातली क्लिनिशियन जागी झाली, पण उशिरा.

तुम्ही विषय निवडाल तेव्हा हा प्रश्न आधीच विचारा: चुकलो, तर भोगणार कोण?