संदर्भगणना आणि विद्वत्तेचे मोल : दा. ध. कोसंबी यांच्या संशोधनाच्या अनुषंगाने

एखाद्या संशोधकाच्या कार्याचा प्रभाव इतरांनी त्याच्या लेखांचा किती वेळा उल्लेख केला यावरून ठरवावा, ही कल्पना विद्यापीठीय व्यवहारात आता इतकी रुळली आहे की, ती मुळात कशासाठी निघाली याचा विसर पडला आहे. १९५५ साली यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भसूचीची योजना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे आदर्श होता तो अमेरिकेतील वकिलांच्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या सूचीचा. पूर्वीचा निवाडा पुढे ग्राह्य राहिला की फिरविला गेला, हे वकिलास त्या सूचीवरून कळे. त्याचप्रमाणे एखाद्या लेखावर पुढे कोणती टीका झाली हे अभ्यासकास सापडावे, हा गारफील्ड यांचा हेतू होता. १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाली तीही प्रामुख्याने शोधाचे साधन म्हणूनच. पुढे साधनाचे माप झाले. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या २० लेखांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला, परंतु २१ लेखांचा प्रत्येकी २१ वेळा झाला नाही, त्याचा निर्देशांक २०. अवघ्या कार्याचे सार एका आकड्यात आल्यामुळे निवड समित्यांचे श्रम वाचले; न्याय किती झाला हा प्रश्न शिल्लक राहिला.

या मापाची परीक्षा घेण्यास दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्याइतके उद्‌बोधक उदाहरण क्वचितच मिळेल. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात व नंतर मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या या गणितज्ञाने संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि इतिहास या सर्व क्षेत्रांत मूलगामी लेखन केले.

१९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा फलनावकाशातील संख्याशास्त्राविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. यादृच्छिक फलनाचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची त्यातील रीत पुढे संदेशविश्लेषणापासून द्रवांच्या खळबळाट प्रवाहापर्यंत सर्वत्र उपयोगी पडली. परंतु ती जगाला परिचित झाली ती करुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने. त्या दोघांनी ती काही वर्षांनी स्वतंत्रपणे मांडली होती. कोसंबींचे नाव तिच्या आरंभी जोडण्याची प्रथा फार उशिरा सुरू झाली. लेख तोच आणि विचारही तोच. गणनेला मात्र दीर्घकाळ त्याची दखल नव्हती.

१९४४ साली ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आलेल्या त्यांच्या चार पानी लेखाचे भाग्य निराळे. गुणसूत्रावरील जनुकांतील अंतर पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून काढताना, एका विनिमयामुळे जवळच्या दुसऱ्या विनिमयास होणारा अडथळा हिशेबात घेण्याचे सूत्र त्यात आहे. वनस्पतिप्रजननाच्या प्रयोगशाळांत ‘कोसंबी फलन’ आजही नित्य वापरात आहे. तथापि सूत्र संगणक-प्रणालीत एकदा अंतर्भूत झाले, की संदर्भात प्रणालीचे नाव येते आणि मूळ लेख मागे पडतो. ज्ञान सर्वमान्य होताच त्याचा कर्ता अदृश्य होतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते. म्हणजे प्रभाव जितका खोल, तितका उल्लेख विरळ, असेही घडू शकते.

उलटपक्षी, उल्लेख आहे म्हणून त्यामागे कार्य असलेच पाहिजे असेही नाही. १९३१ साली, अलीगढ येथे असताना, आंद्रे वेल यांच्या सुचवण्यावरून कोसंबींनी बुर्बाकी नामक एका कल्पित रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार देऊन एक लेख लिहिला. जो मनुष्य जन्मासच आला नाही त्याच्या खात्यावर एक संदर्भ जमा झाला! याच्या नेमके उलट म्हणजे, अखेरच्या वर्षांत कोसंबींनी काही गणिती लेख ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने छापले. त्यांचे श्रेय नावानुसार मोजणारी सूची भलत्याच्या पदरात टाकील.

सहकार्याची मोजणी तर याहून बिकट. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’ची संहिता कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी १९५७ साली हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत सिद्ध केली. डॅनियल इंगल्स यांचे १९६५ चे इंग्रजी भाषांतर तिच्यावरच आधारलेले आहे. गणितज्ञाची पाठचिकित्सेतील शिस्त आणि बौद्ध व तिबेटी विद्येच्या अभ्यासकाची बहुश्रुतता यांचा तो संगम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने दोन लेखकांच्या कृतीबद्दल प्रत्येकास ७० टक्के, आणि त्याहून अधिक लेखक असल्यास प्रमुखास ७० व इतर प्रत्येकास ३० टक्के गुण ठरविले. हिशेबाची सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण एकाच्या अभावी दुसऱ्यास जे साधले नसते, त्याची वाटणी कोणत्या टक्केवारीने करावयाची?

यावरून गणना सर्वथा त्याज्य ठरते असे नाही. केवळ ओळखीच्या बळावर होणाऱ्या नेमणुकांपेक्षा उघड आकडा पुष्कळ बरा. अपरिचित ठिकाणच्या होतकरू अभ्यासकास तो कधी कधी आधारही देतो. परंतु नियतकालिकांच्या, त्यातही मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांच्या, सूचीत मराठीतील संशोधनाची नोंद क्वचितच होते. अशा सूचीवरून मराठीच्या अध्यापकाची बढती ठरविणे म्हणजे ज्या दुकानात धान्य विकतच नाहीत तेथील वहीवरून गावाची भूक मोजणे होय.

या वादात खरा दंडक कोसंबींच्याच पद्धतीत सापडतो. प्राचीन नाण्यांच्या वजनावरून त्यांचा कालानुक्रम लावण्यापूर्वी त्यांनी चालू नाणी तोलून पाहिली आणि हाताळणीने नाणे किती झिजते हे आधी निश्चित केले. आकडा आणि वस्तुस्थिती यांतील कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यावरच त्यांनी आकड्याला साक्षीस बोलाविले. संदर्भगणनेच्या पुरस्कर्त्यांनी आपले हे पहिले काम अद्याप पुरे केलेले नाही. ते होईपर्यंत सूचीने लेखाकडे जाण्याची वाट दाखवावी आणि समितीने तो लेख वाचावा; वाचनाचे श्रम टाळून निर्णय देण्याचा अधिकार कोणताही निर्देशांक देऊ शकत नाही.